चवळीच्या मुळावरच्या गाठी

पवईच्या एका प्रयोगशाळेत मी शेतीला उपयोगी पडणारे जिवाणू वाढवते. हे काय काम असतं, ते आईला आजवर धड सांगता आलेलं नाही. गेल्या वर्षी कोकणातल्या मामाने चवळी पिवळी पडते म्हणून रडगाणं लावलं, तेव्हा त्याच्यासाठी रायझोबियमची एक बाटली बोरिवलीला घरी आणली. हे जिवाणू कडधान्याच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. मामाला पटलं. आईला नाही.

"फ्रिजमध्ये जंतू? दुधाशेजारी?" म्हणत तिने बाटली खिडकीच्या ग्रिलमध्ये नेऊन ठेवली. दिवसभराच्या उन्हात सगळ्याची वाट लागली.

"अगं, मेले ना ते!"

"जंतू मेले तर चांगलंच की."

दुसरी बाटली मी थेट गावच्या बसने धाडली. मामाचा उत्साहात फोन. "कीड लागा नये म्हणान बियांक ती गुलाबी पावडर पण चोळलंय." म्हणजे बुरशीनाशक! पाहुणे बोलवायचे आणि त्यांनाच विष घालायचं. बी अजून पेरलं नव्हतं, एवढंच नशीब.

शेवटी रजा टाकून तिसरी बाटली घेऊन मीच गेले. गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवून नव्या बियांना चोळले, सावलीत सुकवले, माझ्यासमोर पेरून घेतलं.

महिन्याभराने ऑफिसात मीटिंग चालू असताना मामाचा फोन. "गो बाय, रोग इलो! मुळांका गाठी आसत. उपटूक सुरुवात केलंय."

"मामा, थांब! हात लावू नकोस!" मी ओरडलेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "एक गाठ नखाने फोड. आत रंग कसला आहे?"

"तांबडो."

"मग ते काम करतायत रे! त्यासाठीच तर मी आले होते!"

मामा उलट मलाच म्हणाला, "आधी सांगूक नको?"

सांगितलं होतं. पेरताना, जेवताना आणि एसटीत चढतानाही.

एक अख्खा वाफा गेला. उरलेली चवळी मात्र हिरवीगार राहिली, शेंगाही भरपूर धरल्या. मामा खूश. माझा राग अजून त्या उपटलेल्या वाफ्यातच अडकलाय.

परवा त्याचा पुन्हा फोन. "भाताक पण तीच बाटली धाड." भाताच्या मुळांवर हे गाठी करत नाहीत, त्याला वेगळे जिवाणू लागतात, हे मी अर्धा तास समजावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरा," म्हणाला, "पण तू धाड तर खरा."