प्रॉम्प्टर शरयूमावशी

बोलताना कुणी अडखळलं, की शरयूमावशी पुढचा शब्द पुरवून मोकळ्या होत. कार्डिफमधला आमचा गोरा बेकरीवाला हवामानावर बोलता बोलता थांबला, की 'मिझरेबल' हे त्याच सांगून टाकत. दिवसा त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात असत आणि शनिवार-रविवार तिथल्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकाला प्रॉम्प्टिंग करत. अख्खं नाटक पदांसकट त्यांना तोंडपाठ होतं. नटांपैकी कुणालाच नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मंडळाने त्या नाटकाचा सिनेमा करायला घेतला. मी साउंड एडिटर, म्हणून आवाजाचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका शॉटला दोनच वाक्यं, तेव्हा प्रॉम्प्टर नको, असं ठरलं. पहिल्याच शॉटला आमचा नायक कॅमेऱ्यासमोर ढिम्म उभा! वाक्यं पाठ होती, पण कानावर कुजबुज पडल्याशिवाय त्याचं तोंडच उघडेना. शेवटी मावशींना कपाटामागे बसवलं आणि गाडी रुळावर आली.

"अरे, मी फक्त पहिला शब्द देते. पुढचं त्यांचंच असतं," मावशी म्हणाल्या.

पण टेपवर प्रत्येक वाक्याआधी मावशी होत्या. तीन महिने मी टेपच्या कॉपीवरून ब्लेडने त्यांची कुजबुज कापून काढली आणि तिथे रिकाम्या खोलीची शांतता जोडली. तुकडे केराच्या टोपलीत गेले.

एका रविवारी सकाळी थिएटर भाड्याने घेऊन सिनेमा दाखवला. मोठ्या पडद्यावर आपली माणसं बघून लोक खुळावले. बाहेर आल्यावर मावशींनी हळूच विचारलं, "मी कुठे ऐकू नाही ना रे आले?"

"एकदाही नाही, मावशी."

"शाबास! प्रॉम्प्टर ऐकू आला, की नाटक पडलंच समज."

मला फार अभिमान वाटला.

पाच-सहा वर्षांनी मावशी ऑफिसातच कोसळल्या आणि गेल्या. अंत्यविधीला मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. नंतरची सँडविचेस कोरडी होती, एवढं आठवतं. आठवड्याने त्यांच्या मुलीचा, मीनाचा फोन आला.

"काका, आईचा आवाज कुठेच रेकॉर्डेड नाहीये. आन्सरफोनवर पण बाबांचाच आवाज आहे. तुमच्या फिल्ममध्ये असेल ना? वन सेंटेन्स पण चालेल. प्लीज."

मूळ टेपा स्टुडिओने केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या होत्या. राहिला होता तो सिनेमा. दोन दिवस बसून मी तो जोडन्‌जोड ऐकला. मावशींचा श्वाससुद्धा नव्हता. इतकं चोख काम मी दुसरं केलेलं नाही.

मीनाला फोन करून नाही म्हणालो.

"ओके, काका. थँक्स फॉर ट्रायिंग," ती म्हणाली.

तो आवाज मीच कापला होता, हे मी तिला सांगितलं नाही.