साडूंचा खालचं दाखवणारा टीव्ही

पायाखाली काय आहे याचा विचार न करता आपण सगळे जन्म काढतो. आमच्या थोरल्या साडूंनी दुसरा कसलाही विचार केलेला मला आठवत नाही. हा माणूस एका जागी उभा आहे, असं दृश्य मी फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे नातेवाईक रांगेत उभे आहेत आणि साडूंच्या जागी एक पांढरट फराटा आहे. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. त्यातल्या एका क्लासात साडू बारावीला फिजिक्स शिकवायचे, आणि त्यांच्या बॅचसाठी पार किनवटहून मुलं यायची. पण एक पाय वर्गात आणि एक दाराबाहेर ठेवून शिकवणारा मास्तर त्या मुलांनी आधी पाहिला नव्हता. गणित सोडवता सोडवता साडू मधेच थांबायचे, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलत नाही ना ते बघायचे आणि मगच पुढची पायरी लिहायचे. बाकावर कुणी पाय हलवला आणि ग्लासात तरंग उठला की सगळी बॅच मैदानात. पुढे पुढे मुलांना कंटाळा आला की एखादा मुद्दामच पाय हलवायचा. साडूंना हे कळत नव्हतं असं नाही, पण खात्री कोण देणार?

हे सगळं भूकंपापासूनचं. त्या पहाटे अख्खं लातूर घराबाहेर धावलं तसे साडूही धावले. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या हातात उशी आहे आणि अक्का आतच आहे. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला काही झालं नव्हतं. ती सावकाश उठली, दाराला कडी घालून बाहेर आली आणि म्हणाली, "उशी आणलाव, बरं केलाव." गल्लीला हसायला विषय मिळाला, पण साडू त्या दिवसापासून पक्क्या छताखाली झोपले नाहीत. पुढे क्लासच्या कमाईतून त्यांनी दोन मजली घर बांधलं. भिंती अशा, की कॅलेंडर लावायचं तरी गवंडी बोलवावा लागे. त्या घरात ठेवली क्लासची मुलं, आणि स्वतः नवरा-बायको अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमध्ये तरी झोपावं? डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठायचं आणि आधी अक्काच्या अंगावर हात ठेवून ती जागेवर आहे ना ते बघायचं. वर्षानुवर्षं हेच. अक्काचं देवाकडे मागणं एकच होतं, की ह्यांना एकदा न दचकता झोप लागू दे.

अशात कुणीतरी साडूंना रेणापूरकडच्या धरणावर मासे खायला नेलं. तिथल्या एका भोईमामांनी त्यांना होडीतून फिरवून आणलं आणि साडू वेगळेच होऊन परत आले. लगेच मला नांदेडला फोन. "साडूभाऊ, जमिनीखाली काय चालू हाय हे कुणाच्या बापाला सांगता येत न्हाई. पण पाण्याखालचं सांगता येतंय! खालचं कळलं की माणूस झोपतो." मी म्हटलं, "अन् कळूनही नाही झोप आली तर?" "तुमी नांदेडची माणसं लई शंका काढता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. महिन्याभरात त्यांचा मर्चंट नेव्हीत गेलेला एक जुना विद्यार्थी पाण्याची खोली मोजणारं यंत्र घेऊन दारात हजर. एक छोटा पडदा, एक लांब वायर आणि वायरच्या टोकाला मुठीएवढा काळा डबा. डबा पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून पडद्यावर खोलीचा आकडा उमटतो. भोईमामांनी त्याचं नाव लगेच टीव्ही ठेवलं.

टीव्ही बसवण्याचा सोहळा अनेक रविवार चालला. आधी डबा वल्ह्याच्या बाजूला बसवला. वल्हं मारलं की बुडबुडे उठायचे आणि धरण क्षणात विहिरीएवढं खोल, क्षणात परातीएवढं उथळ व्हायचं. मग तो होडीच्या मागच्या फळीवर, पाण्याच्या पातळीखाली, तोंड सरळ तळाकडे करून बसवला. भोकं पाडली, भोकांतून होडीत पाणी आलं, पाणी उपसलं, भोकं पुट्टी भरून बुजवली. बॅटरी साडूंच्या मोटरसायकलची, त्यामुळे होडी पाण्यात असेतो मोटरसायकलला काही जीव नसे. एवढं झाल्यावर दोरीला दगड बांधून तो तळापर्यंत सोडायचा आणि यंत्र खोटं तर बोलत नाही ना हे ताडून बघायचं. यंत्र वीतभर कमी सांगतंय म्हणून साडू अख्खा आठवडा अस्वस्थ होते. डबा स्वतःच पाण्यात वीतभर खाली आहे, हे त्यांना सोमवारी वर्गात, भलतंच गणित शिकवताना सुचलं आणि "सापडली!" म्हणून ते ओरडले. बॅच सवयीनं मैदानात गेली.

नंतर एकाएकी टीव्ही आंधळा झाला. पडद्यावर आकडाच येईना. साडूंनी बॅटरी बदलली, वायर सोलून पुन्हा जोडली, फ्यूज बदलला, विद्यार्थ्याला परदेशात फोन लावून रागावले. शेडमधली उरलीसुरली झोपही गेली. अक्का मला म्हणाली, "आता ह्यांला धरणाचीबी भीती वाटायलीय." शेवटी मी रजा टाकून गेलो. आम्ही होडी काठावर ओढून उलटी केली आणि बघतो तर डबा शेंदरी! तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर. भोईमामा शांतपणे म्हणाले, "सर, ह्यो टीवी आसरांच्या हद्दीत डोकावतोय. त्यांला इचारायला नको? दर अमुशाला लावतो मी." काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात दगड तसेच शेंदरात माखलेले होते, मामांनी आमच्या यंत्राला आठवा मान दिला होता. या थरातून आवाज बिचारा जाणार कसा? मला वाटलं, साडू आता मामांना पाण्यात ढकलणार. साडूंनी मऊ फडकं घेतलं, साबणाच्या पाण्यानं तासभर डबा पुसला, आणि होडीच्या पाण्याबाहेर राहणाऱ्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं लावा. पायजे तेवढा लावा." आसरांशी भांडण त्यांनाही नकोच होतं.

त्या दुपारी अक्काही होडीत आली. पडद्यावर आकडा स्वच्छ उमटला. साडूंनी तिला धोक्याच्या घंटीचं बटण दाखवलं. "उथळ आलं की हे आधीच वाजतंय. वाजलं ना, की मी पयले तुझा हात धरणार." ते तळाबद्दल, गाळाबद्दल सांगत राहिले, आणि एक वाक्य अर्धवट सोडून गप्प झाले. बघतो तर हा माणूस फळीला डोकं टेकून झोपलेला. तोंड उघडं, हात सैल. त्यांना स्थिर असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

अक्कानं पदर पसरून त्यांच्या तोंडावर सावली धरली. होडी वाहत वाहत काठाकडे निघाली होती, आकडा उतरत होता. मामा वल्हं उचलून म्हणाले, "लावू का काठाला?"

"नगं, नगं! वाजंल ते," अक्का कुजबुजली. "खोलात घ्या."

मामांनी आवाज न करता होडी वळवली. "घरात न्हाई तर न्हाई," अक्का त्यांच्याकडे बघत म्हणाली, "इथं तर झोपले." ऊन उतरेपर्यंत आम्ही त्यांना घेऊन खोल पाण्यावरच फिरत राहिलो.