उजेडाला लागलेलं ऊन

चिंचोली एमआयडीसीच्या रस्त्याला, खांबावरून उतरलेल्या इंटरनेटच्या केबलपाशी तो लाइनमन उकिडवा बसला होता. मे महिन्यातली दुपार. बोटांत उजेड वाहून नेणारी केसाएवढी काचेची तार, पुढ्यात तो उजेड मोजणारं छोटं यंत्र. बस येईना, म्हणून मी विचारलं, "सकाळीही तुम्ही इथंच होतात ना?"

"व्हय. ही लाइन दोनदा मोजतो. गारव्यात एकदा, उन्हात एकदा."

पडद्यावर त्यानं सकाळची रेघ दाखवली, मग आताची. दोन्ही एकमेकींवर बसत नव्हत्या. मध्ये अगदी बारीक फट होती.

"ह्या तारेतनं एकदम निघालेली उजेडाची किरणं मागंपुढं पोचत्यात. लांबवर काच तापली की त्यांची चाल अजून बदलती. लई थोडी, पर बदलती."

वीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतोय. याचं सूत्र फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! पण आपल्या सोलापूरचं ऊन प्रकाशालाही लागतं, हे आज डोळ्यांनी पाहिलं आणि त्या उन्हातही अंगावर काटा आला.

त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मी माझी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. मान वर न करता तो म्हणाला, "माज्यावर नगं साहेब, मशीनवर धरा की. ते तापलं तर उजेडाचं खरं कळायचं न्हाय."