नाना मास्तरांचे ब्रश

नाना मास्तर कुणालाही भेटले की आधी त्याच्या दातांकडे बघत. सोनगीरच्या शाळेत ते सकाळी दारातच उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला "आ कर" म्हणत. भाजलेल्या तंबाखूची मिशेरी लावून आलेली पोरंही त्यांच्या हाती लागत. ते रागवत नसत. "दात आहेत हे, तांब्याची भांडी नव्हेत," एवढंच म्हणत आणि पोराला पाण्याच्या हौदाकडे पाठवत.

आमचं दुकान शाळेच्या समोरच होतं. माझ्या वडिलांना, बापूजींना, सोनगीरमधल्या तीनचार जैन घरांत मान होता, आणि गावात त्यांच्या शब्दावर लोक माल नेत. शाळा सुटली की नाना आमच्या ओट्यावर टेकत. गावातल्या शाळेत इंग्रजी नव्हतं, म्हणून ते मला ओट्यावरच इंग्रजी शिकवत. मुलीला कशाला, असं कुणी म्हटलं की बापूजी म्हणत, "मास्तर शिकवताहेत ना, मग झालं."

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी बारा वर्षांची होते आणि माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. बाभळीची काडी मला टोचायची. कडुनिंबाची कोवळी काडी चालली असती, पण पावसाळ्याचे चार महिने आमच्या घरी हिरवं तोडायचं नाही असा नेम होता. मग मी राखुंडीने दात घासायची आणि चूळ लाल व्हायची. नानांनी ते एकदा पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते धुळ्याहून दातांच्या ब्रशांचा एक खोका घेऊन आले आणि बापूजींपुढे उघडला.

बापूजींनी एक ब्रश उचलून बोट फिरवलं. "केस कशाचे आहेत, मास्तर?"

"झाडाच्या तंतूंचे," नाना म्हणाले. "काथ्यासारखे. उलट रोज काडी तोडण्याची हिंसा टळेल तुमची."

बापूजींनी दुसरा प्रश्न विचारला नाही. ब्रश दुकानात लागले.

त्यानंतर वर्षभर नाना आमच्या ओट्यावर बसून गावाला ब्रश निवडून देत होते. ती त्यांची खरी हौस. तांबटआळीतली एखादी बाई विचारी, "मास्तर, मनी पोरले कोनता लागी?" नाना पोरीला जवळ घेत, तिचं तोंड बघत आणि आखूड डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश काढत. "हिच्या दोन दातांवर मावेल एवढाच घे. मोठ्या माणसाचा ब्रश लेकराच्या तोंडात घालशील, तर ते दात घासणंच सोडून देईल." मोठी माणसं कडक ब्रश मागत. कडक म्हणजे साफ, असा सगळ्यांचा समज. नाना तो ब्रश त्यांच्याच हाताच्या पाठीवर जोरात घासत. कातडी लाल झाली की विचारत, "हिरडी याहून नाजूक आहे. आता कोणता देऊ?" माणूस मुकाट्याने मऊ घेई. केस वाकडे झाले की ब्रश टाकून द्यायचा, आणि एका घरात दोघांनी एकच वापरायचा नाही, हेही ते प्रत्येकाला बजावत.

माझं रक्त यायचं थांबलं. नाना माझ्या हिरड्या बघून हसले, तो दिवस मला अजून आठवतो.

मग एक नवा खोका आला. त्याच्यावरची अक्षरं मी हौसेनं वाचत होते. 'प्युअर ब्रिसल्स' असं छापलं होतं. प्युअर मला येत होतं. ब्रिसल अडलं, म्हणून मी नानांनीच वाचायला दिलेला शब्दकोश उघडला. त्यात अर्थ दिला होता: डुकराचा राठ केस.

मी धावत शाळेत गेले. नाना एकटेच वह्या तपासत होते. शब्दकोश त्यांच्यापुढे ठेवून मी विचारलं, "नाना, तुम्हाला हा शब्द माहीत नव्हता ना?"

त्यांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत होता, कमळा."

"मग?"

"तुझ्या हिरड्या सडत होत्या. खरं सांगितलं असतं तर तुझ्या बापूजींनी हात लावला नसता."

मला वर्षभर सकाळसंध्याकाळ जे तोंडात घातलं होतं ते आठवत होतं, आणि त्याहून जास्त आठवत होतं ते त्यांचं "हिंसा टळेल" म्हणणं.

मी घरी सांगितलं. बापूजी तसेच उठून शाळेत गेले, मी मागोमाग. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, मी हे ब्रश बामणाच्या घरात दिले, मुसलमानाच्या घरात दिले. माझा शब्द म्हणून त्यांनी घेतले. उद्या सकाळी मी घरोघर जाऊन खरं सांगणार आहे. तुम्ही बरोबर या."

नाना खाली मान घालून म्हणाले, "आलो तर मला या गावात शाळा चालवू देणार नाहीत, शेठ."

"या तरी."

"बघतो."

दुसऱ्या दिवशी बापूजी उपाशीपोटी ओट्यावर उभे राहिले. ऊन चढेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. समोर शाळेची घंटा झाली, नाना दारात येऊन मुलांचे दात तपासू लागले. आमच्याकडे त्यांनी पाठ केली होती. बापूजी एकटेच निघाले. घरोघर एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली." मास्तरांचं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. तांबटआळीत एकानं त्यांच्या अंगावर ब्रश फेकला. जैन घरांनी दोन वर्षं आमच्याकडचं पाणी घेतलं नाही. नाना पुन्हा ओट्यावर आले नाहीत, आणि माझं इंग्रजी तिथेच थांबलं. पुढे त्यांची शिरपूरला बदली झाली. निरोपाच्या सभेत ते तासभर बोलले. मी शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत होते. बापूजींबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले. पाचसहा वर्षांनी एका दुपारी नाना पत्ता शोधत घरी आले. खूप थकले होते. पाणी प्याले आणि म्हणाले, "बापूजी कसे आहेत?"

"गेले. श्रावणात."

ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं."

मी म्हटलं, "हे त्यांना सांगायचं होतंत, नाना."

त्यांनी मान हलवली. भिंतीचा आधार घेत उठले आणि दाराशी वाकून चपला चाचपू लागले. चहा टाकलेला होता. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.