रेंज संपते तिथून पुढे

कुकरची शिट्टी झाली की आजही मला ती तक्रार आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भीती या शब्दाचा अर्थ मला त्या प्रकरणात कळला.

निवृत्ती जवळ आली होती. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी जुळे सोलापूर भागातली एक शिक्षिका पोलीस ठाण्यात आली. सोबत तिचे दीर होते. तिनं मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"तुम्हीच वाचा साहेब. मला वाचायला सांगू नका."

मी वाचू लागलो. 'आज डाळीचा कुकर दोन शिट्ट्यांतच उतरवलास. कच्ची राहील.' पुढचा, 'पोरीची वेणी ओट्यापाशी घालत जाऊ नकोस, केस ताटात पडतात.' शिवी नाही, धमकी नाही. शिव्यांची पोलिसाला सवय असते, हे मात्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटचा मेसेज त्याच सकाळचा होता. 'पोरगी आता शाळेतून एकटी येते, नाही का?'

बाईंचा नवरा आखातात नोकरीला. घरात त्या आणि चौथीतली मुलगी. दीर मागच्या गल्लीत राहायचे. "वहिनींना झोप नाही ओ साहेब. आम्ही जवळ आहोत म्हणून बरं," असं ते इतक्या कळवळून म्हणाले की मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

गुन्हा दाखल झाला. मेसेज पाठवणाऱ्या खात्याचा तांत्रिक तपशील मागवला. तो आला आणि ठाण्यात सगळे एकमेकांकडे बघू लागले. मेसेज बाईंच्याच घरच्या वायफायवरून जात होते.

झालं! ही बातमी सासरी पोचायला वेळ लागला नाही. बाई स्वतःच स्वतःला मेसेज पाठवते, डोक्यावर परिणाम झालाय, असं सासू म्हणाली. नवऱ्यानं सुट्टी टाकली. तो आला की मुलीला जेऊरला, या सासूकडे नेऊन ठेवायचं ठरलं. बाई पुन्हा माझ्यासमोर आल्या तेव्हा ओठ कोरडे पडले होते.

"साहेब, मी वेडी नाही हो. पण सगळेच म्हणायला लागलेत, आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. पोरगी नेली तर त्या घरात मी एकटी उरेन. आणि तो असेलच बघत."

ठाण्यातले दोन अंमलदार त्यांचं वायफाय आपल्या मोबाइलवर जोडून गल्लीबोळात फिरून आले होते. मोबाइलवरची रेंज गेली की हद्द संपली, असा त्यांचा सरळ हिशेब. त्या हद्दीत एकाच घराचं दार येत होतं, शेजारचं. त्यातच दिरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाचं नाव घेऊ नये साहेब, पण शेजारचं पोरगं दिवसभर कॉम्प्युटरला कसल्या कसल्या ॲंटेना लावून बसतं."

आम्ही त्या तरुणाला चौकशीला बोलावलं. इंजिनीअरिंग संपवून घरी बसलेला. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर रडत होती. "अय्यो, माझं लेकरू तसलं न्हाय ओ साहेब!" तरुणाचे गुडघे टेबलाखाली हलत होते, पण नजर चुकवत नव्हता. खोटं बोलणारा बहुधा आधी हातपाय सांभाळतो.

"लांबचं वायफाय पकडायचा ॲडाप्टर हाय माझ्याकडं, नाही कशाला म्हणू?" तो म्हणाला. "पण मॅडमचं वायफाय माझ्या खोलीत घावतच न्हाय. मधी त्यांचा कूलर हाय की! पत्र्याचा एवढा डबा, आत पाणी, ओलं गवत. गेल्या उन्हाळ्यात कूलर मागच्या खिडकीत होता, तवा माझ्याकडं रेंज यायची."

सायबर शाखेच्या फौजदार बाई हे ऐकत होत्या. त्या उठल्याच. सात रस्ता चौकातल्या दुकानातून त्यांनी यूएसबीला लावायचे तीन ॲडाप्टर आणले. एक नखाएवढा, एक बोटभर, तिसरा लांब ॲंटेनाचा. तिन्ही एकाच लॅपटॉपला लावून तपासायचे ठरले.

"मोबाइलला ऐकू येत नाही म्हणजे आवाजच नाही असं थोडंच असतं सर?" त्या म्हणाल्या. "कुणाचे कान तिखट असतात."

तरुणाच्या खोलीत पहिल्या दोन ॲडाप्टरना काहीच सापडलं नाही. लांब ॲंटेनाला वायफायचं नाव पुसटसं दिसलं, पण जोडणी टिकेना. पोरगं खरं बोलत होतं. मग आम्ही घराच्या मागे गेलो. मध्ये मोकळा प्लॉट, बाभळी, पलीकडे मागची गल्ली. तिथल्या एका कंपाउंडला टेकून फौजदार बाईंनी लॅपटॉप उघडला. मोबाइलवर शून्य. नखाएवढ्यावर शून्य. बोटभर ॲडाप्टरवर नाव दिसलं, जोडणी होईना. लांब ॲंटेना लावली आणि बाईंच्या घरचं वायफाय शेजारच्या खोलीत असल्यासारखं जोडलं गेलं.

मी मान वर केली. ते घर माझ्या ओळखीचं होतं. दिरांचा जबाब घ्यायला आलो तेव्हा तिथं वेलची घातलेला चहा प्यालो होतो.

सरळ बाईंकडे गेलो. त्यांचं घर म्हणजे एकच लांबट खोली. पुढे बैठक, मागे ओटा, ओट्याशेजारी मागची खिडकी. खिडकी आता उघडी होती, प्लॉटपलीकडची दिरांची गच्ची समोर दिसत होती. मी विचारलं, "कूलर मागून काढून बाजूच्या खिडकीत कुणी बसवला?"

"भाऊजींनी. म्हणाले, प्लॉटवरची धूळ आत येते…" एवढं बोलून त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग मुलीला ओढून कुशीत घेतलं. वायफायही भाऊजींनीच लावून दिलं होतं, पासवर्ड त्यांना ठाऊक होता, हे मला त्यांना विचारावं लागलं नाही.

पंचांसमक्ष झडती घेतली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड लांब ॲंटेनाचा ॲडाप्टर सापडला. धूळ बसू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याची वायर खालच्या खोलीत गेली होती, तिथल्या लॅपटॉपवर मेसेजचं खातं उघडं होतं. दिरानं आकांडतांडव केलं नाही. हळू आवाजात म्हणाला, "पोरगी जेऊरला गेली असती, तर वहिनीला माझ्याशिवाय कोण होतं साहेब?" अट्टल गुन्हेगारांसमोर मी कधी मागे सरकलो नाही. त्या दिवशी खुर्ची मागे घेतली.

आरोपपत्र गेलं. मुलगी आईपाशीच राहिली. नवरा आला तो भावाला न भेटता आधी बायकोसमोर जाऊन बसला. कूलर पुन्हा मागच्या खिडकीत गेला आणि उन्हाळा संपल्यावरही बाईंनी तो तिथून काढू दिला नाही.

जबाबावर सही करताना त्या मला म्हणाल्या होत्या, "प्रत्येक मेसेज आला की मी घाबरून पहिला फोन भाऊजींना करायची. ते लगेच उचलायचे. एकदासुद्धा उशीर केला नाही."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, घाबरल्यावर फोन कुणाला केलात? बहुतेकदा उत्तर आई, मैत्रीण, नवरा असंच साधं असायचं. तरी ते नाव ऐकेपर्यंत मी पेनाचं टोपण काढत नसे.