सुधाकरअण्णा आणि जहागीरदारांची थॉर्नबी

ज्या गाडीनं आमच्या आजोबांचा पाय चिरडला, तीच गाडी अण्णानं विकत घेतली होती.

आज सकाळी अण्णा गेला. कलबुर्गीच्या दवाखान्यात. किडनीनं घेतला.

अण्णा म्हणजे सुधाकर, माझा मोठा भाऊ. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. रिटायर होऊन भालकीत आईजवळ राहायचा.

तुमच्यापैकी बरेच जण त्याला त्या काळ्या विंटेज गाडीसोबतच्या फोटोवरून ओळखता. ‘काय शौक आहे साहेबांचा!’ अशा कमेंट केल्या होत्या तुम्ही.

शौक नव्हता तो.

आमचं गाव खटकचिंचोळीजवळ. निजामाच्या काळात गावच्या जहागीरदारांकडे थॉर्नबी नावाची विलायती मोटार होती. पावसाळ्यात ती काळ्या मातीत रुतली की आमच्या वस्तीत हाक यायची. दोर बांधून माणसांनी ओढायची.

बाहेरून आमचे हात चालायचे. आतल्या गादीला चालायचे नाहीत.

एकदा ओढ्यातून ओढताना आजोबा घसरले. चाक गुडघ्यावरून गेलं.

गाडी थांबली नाही. मालकांना लग्नाला पोचायचं होतं.

आजोबा तरणेबांड होते तेव्हा. पुढं मरेपर्यंत काठीवर चालले.

अण्णा रिटायर झाला आणि एक दिवस त्याला नेटवर जाहिरात दिसली. विंटेज लक्झरी कार. थोर घराण्याचा वारसा. पहिल्यापासून एकाच कुटुंबाकडे.

खाली आमच्या गावाचं नाव.

त्यानं लगेच हैदराबादला फोन लावला. जहागीरदारांचा नातू बोलत होता. मी तेव्हा भालकीला आले होते, शेजारीच बसले होते.

“अरे वा, गावाकडचे का! आपलेच की. कुणाच्या घरचे तुम्ही?”

अण्णानं घर सांगितलं. वस्ती सांगितली.

पलीकडून लगेच उत्तर आलं.

“गाडी कालच गेली हो.”

जाहिरात मात्र तशीच राहिली. आठवडे गेले. मग एक दिवस त्यांचाच फोन. बंद पडलेल्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. “अजून इंटरेस्ट आहे का तुम्हाला?”

मी म्हणाले, “अण्णा, नको. थोबाडीत मारल्यासारखं आहे हे.”

“घेणार मी. आईला मागं बसवून गावातून फिरवणार.”

ट्रकवर घालून गाडी दारात आली. आई उंबऱ्यातून बघत राहिली.

“कामून आणलास रे हे मढं दारात?”

“आई, तुला बसवायलाच आणलाव.”

“सासऱ्याचा पाय खाल्लेल्या गाडीत मी बसू? न्हाई बसत जा.”

त्या दिवसापासून मायलेकांत अबोला. एका घरात, एका चुलीवर, आणि बोलणं नाही.

अण्णानं स्वतःला गाडीत गाडून घेतलं. मन्नाएखेळ्ळीहून मस्तान मेस्त्री यायचे. बॉनेट उघडून म्हणाले, “इंजिन जिंदा है अण्णा, लकडी मर गई.”

लाकूड, कारण थॉर्नबीचा सांगाडाच लाकडाचा. अण्णा मला फोनवर तासभर ते सांगायचा. दोघा भावांचा कारखाना होता. आधी घोड्याच्या बग्ग्या करायचे, मग मोटारी. पत्रा हातोडीनं ठोकून हातानं वळवायचे. कारखाना कधीच बुडाला, पण विलायतेत त्या गाड्यांचे वेडे लोक आहेत. अण्णा त्यांना ईमेल करायचा.

दार खोललं तेव्हा आतल्या लाकडावर कारखान्यातल्या सुतारानं कोरलेली अक्षरं निघाली. अण्णा हरखून गेला. “बघ की, नाव टाकून गेलाय पठ्ठ्या!”

तोवर डायलिसिस सुरू झालं होतं. भालकी ते कलबुर्गी, कलबुर्गी ते भालकी. सुजलेल्या पायांनी परत यायचा आणि गाडीखाली शिरायचा.

शेवटी गाडी चालू झाली. मी सुट्टी काढून गेले. आई आलीच नाही, म्हणून मागं मी बसले.

गावाजवळ ओढ्यावर आता पूल आहे. अण्णानं गाडी थांबवली. धाप लागेपर्यंत खाली फिरला. बाभळी, प्लास्टिक, मधे थोडं पाणी.

“इथंच असंल,” म्हणाला. मग, “का तिकडं?”

गावात न जाता आम्ही परत आलो.

आईनं पाण्याचा तांब्या दिला, आणि कितीतरी दिवसांनी बोलली.

“सापडली का जागा?”

“न्हाई.”

“पुलाच्या वरल्या अंगाला, उतारावर. शेताला जाताना मामंजी दावायचे मला.”

“मग सांगितलं न्हाईस कामून?”

“तू इचारलास कवा? इंग्रजाच्या सुताराचं नाव पाठ हाय तुला. आजोबा काठी कशाची करायचे, सांग बरं.”

अण्णाला सांगता आलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर अण्णानं गाडीवर ताडपत्री टाकली. डायलिसिसहून आला की आईच्या खाटेपाशी बसायचा. आई सांगायची, तो ऐकायचा. आजोबा एका पायावर उभे राहून कडबा कसा रचायचे. रात्रशाळेत जाऊन सही कशी शिकले. चिडले की कानडीत शिव्या कशा द्यायचे, म्हणजे पोरांना वाटावं काहीतरी चांगलंच बोलायलेत.

फोनवर मग तो गाडीचं बोलेनासा झाला. आजोबांचंच बोलायचा.

आज दुपारी भालकीच्या घरी गावाकडून वस्तीतली माणसं जमली. कुणीतरी चांगल्या मनानंच म्हणालं, “थॉर्नबी सजवू. अण्णाला त्यातूनच नेऊ, त्याचा लई जीव होता.” हार आणायला माणूस निघालासुद्धा.

आई भिंतीला धरून उभी राहिली.

“न्हाई. त्या गाडीला माझ्या घरचं आणखी एक माणूस न्हाई द्यायची मी. खांद्यावर न्या.”

खांदे लागले.

आई सोबत चालत आली. सगळ्यांनी नको म्हटलं तरी. माती देताना वाकली आणि म्हणाली, “मामंजी, सुधाकर यायलाय. ओळखा त्याला.”

अण्णा, शेवटचा जयभीम.