पाच पहारेकरी आणि एक घुसखोर

आधीच सांगून ठेवतो, हसायचं नाही! अशी फजिती दुश्मनाचीही होऊ नये.

मी इथं रायपुरात पीएचडी करून राहिलो. विषय नेटवर्क सिक्युरिटी. म्हणजे मी पाच एजंट बनवले. छोटे प्रोग्राम हो, पहारेकरीच समजा. कोणतं मशीन विचित्र वागलं की ते आपसांत मत देतात. तिघं 'चोर' म्हणाले की त्या मशीनचं कनेक्शन कट! मधात माणसाची लुडबुड नाही. 'माझीसुद्धा नाही,' असं मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं.

त्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसमोर डेमो. जमलं तर थीसिस जमा, नाही तर आणखी एक वर्ष! सकाळपासून मी तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात नुसत्या चकरा मारून राहिलो होतो. आई वैतागली.

"अरे पोट्ट्या, एका जागी बस ना! डोकं गरगरून राहिलं माझं."

बसतो कोण?

लॅबमध्ये माझ्या लॅपटॉपवर स्क्रीन उघडली, धीर नाही म्हणून धडाधड रिफ्रेश दाबलं, तर काय! एक पहारेकरी म्हणे, 'चोर'. कोणीतरी सर्व्हरचं दार सारखं ठोठावून राहिलं होतं. पुढं नुसता मशीनचा नंबर. तो कोणाचा, हे पाहायचा धीर कोणाले?

धावत जाऊन लॅब सांभाळणाऱ्या साहू भैयांचा कॉम्प्युटर बंद केला.

"का होगे भैया?" साहू भैया छत्तीसगढीत ओरडले.

"हॅकर घुसा है!"

परत येऊन रिफ्रेश दाबलं. ठोठावणं चालूच! प्रिंटरची वायर उपसली. रिफ्रेश. आता दोघं म्हणे 'चोर'. गाईड मॅडमचा लॅपटॉप खाडकन मिटवला.

"काहून रे?"

"मॅडम, हल्ला झाला!"

रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश!

तेवढ्यात परीक्षक आले. मी म्हटलं, "सर, आज खराखुरा घुसखोर आला आहे. तुमच्यासमोरच पकडतो!" अन् पुन्हा रिफ्रेश दाबलं.

पाचच्या पाच मतं, 'चोर'! अन् कनेक्शन कट झालं ते माझं!

मॅडमनी साहू भैयांचा कॉम्प्युटर चालू करून लॉगमधल्या नोंदी पाहिल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा नंबर तुझ्याच लॅपटॉपचा आहे. अर्ध्या तासात चारशे वेळा रिफ्रेश? दार तूच ठोठावलंस!"

लाजेनं माझा जीव अर्धा झाला. परीक्षक मात्र पोट धरून हसले. "सिस्टम एकदम बढिया है. पास! बस, इस लड़के को इससे दूर रखिए."

घरी येऊन आईले सगळं सांगितलं. तिनं कढईवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"सारा घोळ तूच करतो, एवढं समजायले पाच जण लागले काय रे तुले? मी एकटीच सत्तावीस वर्षांपासून सांगून राहिली. आता माझ्या ओट्यापुढच्या चकरा बंद कर, नाही तर तुझं जेवण कट!"